मूळ संख्या आणि अभाज्य संख्या
(उन्हाळी वर्गांच्या आखणीसाठी झालेल्या शिक्षकांच्या बैठकीतील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'उन्हाळी वर्ग : स्वरूप आणि अपेक्षा' असं छापलं आहे. अपेक्षा पुष्कळ आहेत. त्या सगळ्या सांगत बसत नाही. माझं म्हणणं एकच आहे. आपले उन्हाळी वर्ग मराठी शिकवतात. त्यांनी मराठीतून दुसरं काहीतरी शिकवावं, आणि तेही मुलांना घरापासून दूर ठेवून. हे मत बनलं ते १९९३ च्या मे महिन्यात. नववीची परीक्षा देऊन मी इंदूरहून पुण्याला एका निवासी शिबिराला गेलो होतो. तेव्हा आधी त्याबद्दल सांगतो.

शिबिर गणित आणि विज्ञानाचं होतं, तीन आठवड्यांचं. भाषेचा त्यात नावालाही विषय नव्हता. तीसेक मुलं होतो. सांगली, जळगाव, चिपळूण, बेळगाव इथली बरीच, एक बडोद्याचा, एक ग्वाल्हेरचा आणि मी. माझी शाळा हिंदी माध्यमाची. घरात मात्र मराठीशिवाय बोलणं नाही. आजीसमोर हिंदी शब्द गेला तर ती ऐकू न आल्यासारखं करायची. त्यामुळे पुण्याला जाताना भाषेची काळजी मला मुळीच नव्हती. महू, मानपूर, सेंधवा करत बस बिजासनचा घाट उतरली आणि दिव्याच्या झोतात पाट्या बदललेल्या दिसल्या. लिपी तीच, 'धीरे चलिए'चं 'वाहने सावकाश चालवा' झालेलं. मला वाटलं, घरीच चाललो आहोत.

पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की मला मराठी येते ती फक्त मोठ्यांशी बोलायची. आई, आजी, काका, देवळातले गुरुजी, गणेशोत्सवातल्या मावश्या. यांच्याशी मी अस्खलित बोलत होतो. पण बरोबरीच्या मुलाशी भांडायचं कसं, त्याची टर कशी उडवायची, रुसल्यावर पुन्हा बोलायला सुरुवात कशी करायची, हे मी आयुष्यात कधी मराठीत केलंच नव्हतं. ती सगळी कामं इंदूरच्या गल्लीत हिंदीत होत. शेजारच्या खाटेवरच्या सांगलीच्या मुलाने माझी बादली नेली, तर मला 'आपण माझी बादली घेतलीत का' एवढंच सुचलं. तो इतका हसला की बादली परत द्यायला विसरला.

आपल्या सगळ्यांच्या घरांची ही स्थिती आहे, असं मला वाटतं. बृहन्महाराष्ट्रातलं मूल मराठी वर पाहून बोलतं. वडीलधाऱ्यांपुढे वापरायची, नीट घडी घालून ठेवलेली भाषा. समवयस्कांत ती उतरत नाही. आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी माणसाला जे काही खरं बोलायचं असतं, ते समवयस्कांशीच असतं.

थट्टा व्हायची ती झाली. मी खोलीत 'झाडू लावला' म्हणायचो, ते 'केर काढला' म्हणायचे. मी 'भाजी बनवली', ते 'भाजी केली'. चार दिवस माझं नाव 'भैया' पडलं होतं. एका रात्री बेळगावच्या मुलाने, तो प्रत्येक वाक्याला 'की' जोडायचा म्हणून त्याचीही थट्टा व्हायची, सगळ्यांना घराच्या खोल्यांची नावं विचारली. पुण्या-सांगलीचे म्हणाले, हॉल, किचन, बाथरूम, गॅलरी. मी म्हणालो, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पडवी. आजीचीच नावं ती. त्यानंतर 'भैया' थोडं मंदावलं. अगदी बंद झालं नाही. होऊही नये, टोपणनाव असणं म्हणजे मंडळींनी आपल्यात घेतलं असा अर्थ होतो.

पण मला मुख्यतः सांगायचं आहे ते वर्गातलं.

हिंदी माध्यमात गणित शिकलेल्या मुलाला मराठीतलं गणित अर्धं ओळखीचं वाटतं आणि अर्धं परकं. कर्ण तोच, त्रिज्या तीच, प्रमेय आणि समीकरणही तेच. पण समकोणाचा काटकोन होतो, वृत्ताचं वर्तुळ, स्पर्शरेखेची स्पर्शिका, परिमापाची परिमिती, भिन्नाचा अपूर्णांक. लघुत्तम समापवर्त्य म्हणताना मला धाप लागायची. ती मंडळी 'लसावि' म्हणून मोकळी होत. गंमत म्हणजे पुस्तकातले शब्द असे फुटलेले, आणि गवंड्याच्या हातातलं काटकोन पाहायचं साधन मात्र दोन्हीकडे एकच. हिंदीत गुनिया, मराठीत गुण्या. ज्यांनी परिभाषा घडवली त्यांनी गवंड्यांना विचारलं असतं, तर आमचं काम थोडं सोपं झालं असतं.

गणित शिकवायला एक निवृत्त बाई होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि विचारलं, 'मूळ संख्या म्हणजे काय रे?' मी म्हटलं, 'बाई, मला अभाज्य संख्या माहीत आहे.' मागून कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि वर्गाला विचारलं, 'ही दोन नावं एकच गोष्ट सांगतात का?'

अर्धा तास त्यावर गेला, आणि तो अर्धा तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. 'अभाज्य' हे नाव सांगतं की या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कुणी भागू शकत नाही. ती झाली व्याख्या. 'मूळ' हे नाव वेगळंच सांगतं. बाकीच्या सगळ्या संख्या यांच्या गुणाकारातून उगवतात, ही त्यांची मुळं. ६० घ्या, ती २, २, ३ आणि ५ यांच्या गुणाकारानेच बनते. कशीही फोडा, शेवटी हेच चार हाती येतात. ही व्याख्या नव्हे, हे प्रमेय आहे, सिद्ध करावं लागतं. म्हणजे हिंदीने व्याख्येवरून नाव ठेवलं आणि मराठीने प्रमेयावरून.

मग बाईंनी युक्लिडची सिद्धता घेतली. अशा संख्या संपत नाहीत, अनंत आहेत, ही सिद्धता. समजा त्या मोजक्याच आहेत. सगळ्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा. आलेल्या संख्येला यादीतल्या कुठल्याही संख्येने भागलं तरी बाकी एक उरणार. पण प्रत्येक संख्येला निदान एक तरी मूळ असलंच पाहिजे. ते मूळ यादीत नाही, म्हणजे यादी अपुरी. बाई म्हणाल्या, पाहा, पहिल्या पायरीला 'भाग जात नाही' लागतं आणि दुसरीला 'मूळ असतंच' लागतं. एका नावावर सिद्धता पुरी होत नाही.

ग्वाल्हेरचा मुलगा आपल्या वहीत 'मूल संख्या' असं लिहायचा. हिंदी शाळेत 'ळ' भेटतच नाही, त्यामुळे तो हाताला वळत नसे. बाईंनी त्याला सांगितलं, 'मूल म्हणजे लेकरू. तुझ्या संख्या फार लहान आहेत.' त्या दिवसापासून त्याचा 'ळ' वळला. शुद्धलेखनाच्या तासाला तो वळला असता का, याबद्दल मला शंका आहे.

रसायनशास्त्रात याच्या उलट झालं. एका प्रयोगानंतर मी आणि जळगावचा मुलगा तावातावाने भांडलो. (हे माझं मराठीतलं पहिलं खरं भांडण.) तो म्हणत होता, आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार तयार होतो. मी म्हणत होतो, क्षार तयार कसा होईल, क्षार तर आम्लात घालावा लागतो, तयार होतं ते लवण. दोघंही बरोबर होतो. हिंदीत ज्याला क्षार किंवा क्षारक म्हणतात त्याला मराठी पाठ्यपुस्तक आम्लारी म्हणतं, आणि हिंदीतल्या लवणाला मराठी पुस्तक क्षार म्हणतं. एकच शब्द समीकरणाच्या डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला गेलेला. 'आम्लारी' शब्द मला फार आवडला. आम्लाचा अरि, आम्लाचा शत्रू. नावातच क्रिया सांगितलेली. पुढे कधीतरी मराठी विश्वकोश हाती आला, तर त्यातल्या रसायनशास्त्राच्या नोंदींत 'क्षारक' आणि 'लवण' हेच शब्द! तेव्हा जळगावच्या त्या मित्राला मी मुद्दाम पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, 'विश्वकोशवाले पण भैयाच दिसतात.'

पत्रावरून आठवलं. शिबिरातून घरी लिहिलेलं आंतरदेशीय पत्र हे मी लिहिलेलं पहिलं मराठी पत्र. तोवर मराठी मी बोलत होतो आणि वाचत होतो. लिहिण्याचा प्रसंगच आला नव्हता, कारण ज्यांच्याशी मराठी बोलायचं ते सगळे घरातच होते. लिहायला दुरावा लागतो. आईने ते पत्र ठेवून दिलं होतं. त्यात पहिलं अर्धं पान जेवणाचं आहे आणि उरलेल्या जागेत युक्लिडची सिद्धता. आईने उत्तरात विचारलं होतं, 'एक का मिळवायचा, दोन मिळवले तर?' तिने गणित शाळेनंतर सोडलं होतं. मी हिंदीत लिहिलं असतं तर तिने हा प्रश्न विचारला नसता, असं माझं ठाम मत आहे. विचार करायला योग्य असा तो प्रश्न आहे, विद्यार्थ्यांनी करून पाहावा.

आता आपल्या वर्गांकडे येतो. आपल्या बहुतेक केंद्रांवर मे महिन्यात संध्याकाळी तास-दीड तासाचा वर्ग भरतो. श्लोक, कविता, बाराखडी, थोडं व्याकरण, शेवटच्या दिवशी नाट्यगीत आणि खाऊ. मी स्वतः असे वर्ग बारा वर्षं घेतले आहेत आणि ते बंद करा असं मी म्हणत नाही. लहान मुलांना ते हवेतच. पण तेरा-चौदा वर्षांचं मूल तिथे टिकत नाही. त्याला कळतं की इथे मराठी ही जपायची वस्तू आहे, वापरायची नव्हे. शिवाय आजचं मूल माझ्यासारखं हिंदी माध्यमातलं नाही, ते इंग्रजी माध्यमातलं आहे. त्याला 'ट्रँगल' माहीत आहे. समकोण आणि काटकोन दोन्ही त्याला सारखेच परके. पालक विचारतील, काटकोन शिकून गुण मिळणार आहेत का? नाही मिळणार. पण 'प्राइम' हा शब्द त्या मुलाला काहीच सांगत नाही, आणि 'मूळ' व 'अभाज्य' मिळून अर्धं अंकगणित सांगतात. जी भाषा घरी केवळ जेवायला बोलावते ती इतकं खोल सांगू शकते, हे एकदा मुलाने पाहावं, एवढाच माझा आग्रह आहे.

विषय गणितच हवा असं नाही. इंदूरला सिरपूरचा तलाव आहे. २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. तिथल्या पक्ष्यांवर पंधरा दिवस सहज जातील. टिटवी, खंड्या, पाणकावळा, शेकाट्या. आणि चोचीच्या टोकाला पिवळा, मुळाशी तांबडा ठिपका असलेल्या बदकाला मराठीत हळदीकुंकू म्हणतात हे सांगितल्यावर कुठलं मूल ते बदक विसरेल? मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश एक प्रत केंद्रावर असली की पुरे.

दोन अटी मात्र मी घालीन. पहिली, शिबिर निवासी असावं. घरी मुलाला पळवाट असते, सगळ्यांना दोन्ही भाषा येतात. वसतिगृहात आमटी खारट झाली हेही मराठीतच सांगावं लागतं. दुसरी अट अधिक अवघड आहे. फक्त आपलीच मुलं एकत्र आणली तर ती पहिल्या रात्री दिवे मालवले की हिंदीत बोलू लागतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून निम्मी मुलं धुळे, जळगाव, बेळगावकडची हवीत, ज्यांना मराठीत भांडता येतं. त्यांनाही आपल्याकडून न्यायला काही आहे.

खर्चाचं विचाराल, हे माहीत आहे. चाळीसगावजवळच्या पाटण गावी तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजींनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, त्याचा तो लेख. स्तुतीचा आणि वंशावळीचा भाग संस्कृतात आहे. पण बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून मठाला काय मिळावं हे जिथे येतं, तिथे भाषा मराठी होते. गणित शिकणाऱ्यांच्या जेवणाची सोय आठशे वर्षांपूर्वी त्या गावच्या बाजारपेठेने केली होती आणि ती मराठीत लिहून ठेवली होती. आपल्याकडेही बाजारपेठा आहेत, आणि त्यांत मराठी दुकानदार कमी नाहीत.

तीस मुलं, पंधरा दिवस, एक वसतिगृह, दोन स्वयंपाकी आणि चार शिक्षक, एवढा हिशेब मी करून आणला आहे, तो कार्यवाहांकडे दिला आहे. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांना शिकवायला यायचं असेल त्यांनी नाव आणि आपला विषय लिहावा. इंजिनिअर, परिचारिका, सुतारकाम जाणणारे, शेती करणारे, सगळे चालतील. मराठीच्या शिक्षकांनीही लिहावं, फक्त विषयाच्या रकान्यात 'मराठी' सोडून दुसरं काहीतरी.