उंदराच्या कवटीतला दाब

लोणी काळभोरमधून जाणाऱ्या पुणे-सोलापूर महामार्गावर अपघात होतो, डोक्याला मार लागलेला माणूस रुग्णालयात येतो, तेव्हा डॉक्टरांना धास्ती असते ती कवटीतला दाब वाढण्याची. कवटी हाडाची, ती फुगत नाही. मेंदूला सूज आली की आतलं पाणी आणि रक्त आधी बाहेर सरकतं; ती सोय संपली की दाब झपाट्यानं चढतो. प्रौढ माणसात तो पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटरइतका असतो. तो उतरवणारे उपचार बरेचदा आधी उंदरांवर तपासतात, म्हणून तिथला आकडा खरा असायला हवा.

१९६० साली स्वीडनच्या निल्स लुंडबर्ग यांनी मेंदूच्या पोकळीत नळी घालून घेतलेल्या सलग नोंदी प्रसिद्ध केल्या. माणसासाठी आजही हीच पद्धत प्रमाण मानतात. उंदरासाठी मात्र ती तशीच उचलणं मला चुकीचं वाटतं. त्याचा मेंदू जेमतेम २ ग्रॅमचा, त्याभोवतीचं पाणी अर्धा मिलिलिटरही नाही. नळी घालताना थेंबभर पाणी गळलं, तरी जो दाब मोजायचा तोच उतरतो. शिवाय पाण्यानं भरलेल्या नळीत मापकाची जागा १४ मिलिमीटर खालीवर झाली की आकडा सुमारे १ मिलिमीटर पाऱ्यानं चुकतो. माणसाचा दाब चढून २० झाला, तर त्यात एवढी चूक खपते. उंदराच्या पाचेक मिलिमीटरमध्ये ती पाचवा हिस्सा होते. टोकाशी सेन्सर असलेली प्रकाशतंतूची तार ही अडचण टाळते, पण ती मेंदूत खुपसावी लागते. त्यात भुलीची भर: आयसोफ्लुरेननं मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड साठला की आणखी रुंदावतात, आणि दाब बदलतो.

म्हणून मेंदूच्या आवरणाबाहेर बसवलेला, बिनतारी नोंद पाठवणारा सेन्सर मला उजवा वाटतो. उंदीर शुद्धीवर येऊन पिंजऱ्यात हिंडत असतानाही तो मोजत राहतो. यावर आक्षेप असा, की आवरणाबाहेरचा सेन्सर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाब दाखवतो आणि दिवसांगणिक त्याचं शून्यही सरकतं. आक्षेप रास्त आहे. पण उपचारापूर्वीचा आणि नंतरचा आकडा त्याच उंदराचा असेल, तर कायमची वाढ वजाबाकीत निघून जाते. शून्य किती सरकलं, हे सेन्सर काढल्यावर तपासता येतं. ती तपासणी प्रत्येक अहवालात छापलीच पाहिजे. शस्त्रक्रियेची वेदना उरतेच, तिच्यासाठी वेदनाशामक द्यायलाच हवं. मात्र एकाच प्राण्यावर अनेक दिवस मोजता आलं, तर दर दिवसासाठी नवा उंदीर लागत नाही.