कर्जाचा अर्ज भरण्याआधी
(जयपूरच्या मानसरोवरमधील रेल्वे कामगारांच्या कुटुंब मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिक पास. कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर आम्ही काय बोलणार, असे इथल्या मुलांना वाटत असेल तर त्यात चूक नाही. परंतु आपल्या एका सभासदाने मुलाच्या क्लाससाठी सोसायटीचे कर्ज काढले आणि पुढे तो कागद आमच्या टेबलावर आला. तेव्हापासून आम्ही या विषयाची विचारपूस करीत आहोत.

मुलगा नुकताच बारावी झालेला. क्लासवाल्यांनी सांगितले, सहा महिन्यांत 'सीआयएसएसपी' करून देतो. आता या सर्टिफिकेटचा नियम असा, की या क्षेत्रातला ५ वर्षांचा अनुभव पाहिजे. संबंधित विषयाची पदवी असेल तर १ वर्षाची सूट. अनुभवाशिवाय परीक्षा पास झालात तर फक्त 'असोसिएट' म्हणवून घेता येते. क्लासच्या छापील पत्रकात यातला एक शब्द नव्हता. हप्ता मात्र पुढच्याच पगारातून कापला गेला.

आपल्याकडे असिस्टंट लोको पायलट म्हणून वर्षे काढल्याशिवाय कोणी मेल गाडी हातात देतो काय? तिथेही तसेच आहे.

या धंद्यात काम नाही, असे आम्ही म्हणत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. त्यातले बरेचसे परदेशातल्या एटीएममधून काढले गेले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये कॉम्प्युटर बंद पडले आणि केसपेपर हाताने लिहावे लागले. त्याच वर्षी सर्ट-इन या सरकारी संस्थेने हुकूम काढला, की असा प्रकार ध्यानात आल्यापासून ६ तासांत कळवा. म्हणजे रात्रपाळीला जागणारी माणसे लागणारच. पाळी म्हणजे काय, हे आपल्या घरात कोणाला सांगायला नको.

मग मुलांनी काय धरावे? आधी नेटवर्क आणि लिनक्स शिकावे, त्याला मोठी फी लागत नाही. पहिली परीक्षा म्हणून 'सिक्युरिटी प्लस' बरी. तिला अनुभवाची अट नाही. 'एथिकल हॅकर' हे नाव ऐकले की पोरांचे डोळे चमकतात, पण 'सीईएच'ची मुख्य परीक्षा पर्यायी प्रश्नांची आहे, प्रात्यक्षिक वेगळे द्यावे लागते. हाताने काम येते हे दाखवायचे असेल तर 'ओएससीपी' आहे. तिथे जवळजवळ २४ तास सिस्टिम फोडत बसावे लागते आणि वर अहवाल लिहावा लागतो. ती पहिल्या वर्षी द्यायची परीक्षा नव्हे. कॉमर्सच्या मुलामुलींना हिशेबतपासणीची सवय असते. त्यांनी पुढे 'सीसा'चा विचार करावा, पण त्यालाही अनुभव लागतोच. आणखी एक. यातली पुष्कळ सर्टिफिकेटे ३ वर्षांनी नवी करून घ्यावी लागतात, आपल्या रिफ्रेशरसारखी. तो खर्चही आजच धरा.

तेव्हा यापुढे क्लाससाठी कर्जाचा अर्ज आणणाऱ्याने सोबत दोन कागद आणावेत. परीक्षा घेणाऱ्या मूळ संस्थेची पात्रतेची अट, आणि ते सर्टिफिकेट मागणाऱ्या चार-पाच नोकऱ्यांच्या जाहिराती. इंग्रजी वाचता येत नसेल तर लाजू नका, आम्हालाही शेजारच्या मुलीनेच वाचून दाखवले. ज्यांनी आज पत्रके आणली आहेत, त्यांनी चहानंतर थांबावे.