कल्पित माणसांचा खरेपणा



महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने दरवर्षी दोन ठिकाणी कल्पित माणसे जन्माला येतात, एक म्हणजे रंगमंचावरील एकांकिकेत आणि दुसरे म्हणजे वार्षिकांकातील कथांच्या पानांवर. आणि या दोन्ही ठिकाणी परीक्षकांकडून बहुधा एकच अभिप्राय ऐकू येतो, तो असा की विषय चांगला होता, संवादही खटकेबाज होते, परंतु माणसे पटली नाहीत. हे पटणे ज्या गुणावर अवलंबून असते तो गुण लेखनात कोठून येतो, या प्रश्नाचा विचार मराठी साहित्यातील काही पात्रांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. पात्र खऱ्या माणसावरून घेतले की ते आपोआप विश्वसनीय होते, अशी नवलेखकांची समजूत असते आणि परीक्षकाने शंका घेतली की ‘असे प्रत्यक्ष घडले आहे’ हे उत्तर तयार असते. साहित्यशास्त्रात या उत्तराला किंमत नाही. घडलेली परंतु न पटणारी गोष्ट सांगण्यापेक्षा न घडणारी परंतु पटणारी गोष्ट सांगणे कवीला अधिक शोभते, हे ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सची निरीक्षणशक्ती एडिंबरो येथील आपले वैद्यकशास्त्राचे अध्यापक डॉ. जोसेफ बेल यांच्यावरून घेतली हे सर्वश्रुत आहे. तथापि समोर आलेल्या रुग्णाकडे पाहून त्याचा व्यवसाय ओळखणारे डॉ. बेल आणि व्हायोलिन वाजविणारा, कोडे हाती नसले की कंटाळ्याने पोखरला जाणारा होम्स यांत पुष्कळ अंतर आहे, आणि वाचकाने ज्याच्यावर जीव टाकला ते या अंतरात निर्माण झालेले पात्र होते. 1893 साली डॉयल यांनी होम्सला मारून टाकले, तेव्हा वाचकांनी एवढा गहजब केला की अखेर 1903 साली लेखकाला त्याला परत आणावे लागले. मूळ माणूस म्हणजे केवळ कच्चा माल होय.

दुसरा गैरसमज गुणांच्या यादीचा. आपल्याकडील प्राचीन नाट्यशास्त्राने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत असे चार प्रकार मानले, आणि दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपक’ या ग्रंथात त्यांची लक्षणे व्यवस्थित सांगितली आहेत : धीरोदात्त म्हणजे गंभीर, क्षमाशील आणि बढाई न मारणारा, धीरललित म्हणजे निश्चिंत व कलासक्त, धीरोद्धत म्हणजे गर्विष्ठ आणि चंचल, धीरप्रशांत म्हणजे शांत वृत्तीचा, बहुधा ब्राह्मण किंवा वणिक कुळातला. या वर्गीकरणाची थट्टा करण्याचे कारण नाही, कारण नाटक कंपनीला आणि प्रेक्षकाला कोणत्या प्रकारच्या माणसाची गोष्ट चालली आहे हे लवकर कळणे आवश्यक असते. परंतु वर्गीकरणाने माणूस कसा आहे एवढेच कळते. तो तसा का आहे आणि उद्या काय करील हे त्यातून कळत नाही. हल्ली लेखन-कार्यशाळांतून पात्राचा आवडता रंग, आवडता पदार्थ, राशी इत्यादींची जी लांबलचक प्रश्नावली भरून घेतली जाते ती याच यादीची नवी आवृत्ती आहे, आणि तिच्यातून कथेपेक्षा विवाह मंडळाचा अर्ज बरा तयार होतो.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली केंब्रिज येथे दिलेल्या व्याख्यानांत पात्रांचे सपाट आणि गोलाकार असे दोन वर्ग केले. एकाच कल्पनेभोवती रचलेले, कोठेही भेटले तरी तसेच वागणारे पात्र सपाट होय. आणि वाचकाला चकित करण्याची, पण ते चकित करणेही पटवून देण्याची क्षमता ज्याच्या ठायी आहे ते गोलाकार होय. मराठी समीक्षेत ही विभागणी पुष्कळ वापरली जाते आणि बहुतेक वेळा सपाट हा शब्द दूषण म्हणून वापरला जातो, हे मात्र अन्यायाचे आहे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ या अर्थाने सपाटच आहेत. चिमणराव प्रत्येक वेळी घाबरणार आणि गुंड्याभाऊ प्रत्येक वेळी दंड थोपटणार हे वाचकाला ठाऊक असते, आणि त्याच खात्रीत विनोदाचा आनंद असतो. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे संकटात शिरताना क्षणभर थांबून साधकबाधक विचार करू लागला, तर बालवाचक पुस्तक मिटून ठेवतील. सपाटपणा दोष ठरतो तो तेव्हाच, जेव्हा दुःखाच्या किंवा नैतिक पेचाच्या कथेत लेखक तो नकळत वापरतो.

अशा कथेत विश्वसनीयता कशी साधली जाते याचे मराठीतील पहिले ठळक उदाहरण म्हणजे हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी होय. 1890 साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि तिची रचना आत्मनिवेदनपर आहे, म्हणजे नायिका यमू स्वतःच्या तोंडाने स्वतःची हकीकत सांगते. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या, सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या एका सुशिक्षित पुरुषाने बालविवाहात सापडलेल्या आणि पुढे विधवा झालेल्या मुलीचा आवाज घेणे हे धाडसच होते, आणि ते यशस्वी होण्याचे मुख्य कारण असे दिसते की, हरिभाऊंनी यमूला स्वतःइतके ज्ञान दिले नाही. घरातल्या मुलीच्या कानावर जेवढे पडेल, माजघरातून जेवढे दिसेल, भावाशी खेळताना जेवढे उमगेल तेवढेच तिला माहीत असते. घरातील वडीलधाऱ्यांच्या रागाचे कारण तिला कळत नाही, पण वाचकाला कळते, आणि या दोन कळण्यांतील अंतरामुळे यमूवर विश्वास बसतो. मुंबईतील संसाराच्या थोड्या सुखाच्या दिवसांचे वर्णन तिने ज्या अपूर्वाईने केले आहे त्यामुळेच पुढील वैधव्य आणि केशवपन असह्य होते. ती आरंभापासून केवळ रडणारी अबला असती तर वाचकाने चार सुस्कारे टाकून पान उलटले असते. जेथे यमूच्या तोंडून सुधारक हरिभाऊ बोलू लागतात तेथे मात्र कादंबरी सैल पडते. यमूच्या सासरच्या शंकरमामंजींचे चित्रणही याच न्यायाने उणे आहे, कारण त्या दांभिक गृहस्थाला स्वतःच्या नजरेत आपण धर्मनिष्ठ वाटत असले पाहिजे, आणि लेखक तशी संधी त्याला फारशी देत नाही.

येथे या विवेचनातील मुख्य मुद्दा येतो. कोणताही मनुष्य स्वतःच्या हिशेबात खलपुरुष नसतो. त्याच्या प्रत्येक कृतीला त्याच्यापुरते सबळ कारण असते, मग ते कारण इतरांना कितीही लंगडे वाटो. पात्राचे हे आतले कारण लेखकाला सापडले आणि त्या कारणाला त्याने आपल्या मतांच्या आड येऊ दिले, तर पात्र पटते. राम गणेश गडकरी यांच्या 1919 साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ नाटकातील सुधाकर दारूकडे वळतो तो व्यसनी स्वभावामुळे नव्हे, तर गरिबीतून स्वतःच्या बळावर वर आलेल्या, त्यामुळे अपमान सहन न होणाऱ्या मानी वकिलाची सनद काही काळासाठी काढून घेतली जाते म्हणून. दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या सामान्य नाटकाने नायकाला दुबळा दाखविला असता; गडकऱ्यांनी त्याच्या सद्गुणातूनच, म्हणजे स्वाभिमानातूनच, त्याच्या नाशाचे बीज काढले. सुधाकराची पत्नी सिंधू हिच्याविषयी तेवढे समाधानाने बोलता येत नाही, कारण तिचे पातिव्रत्य कोठेही डगमगत नाही. याउलट दारुडा तळीराम आपल्या आर्यमदिरामंडळासह आजही ताजा वाटतो, याचे कारण दारूची बाजू मांडताना गडकऱ्यांनी त्याच्या तर्कटात काहीही हातचे राखून ठेवलेले नाही.

या तत्त्वाची सर्वांत कठोर कसोटी विजय तेंडुलकर यांच्या ‘सखाराम बाइंडर’ या 1972 सालच्या नाटकात लागलेली आहे. नाटकावर तेव्हा अश्लीलतेचा आरोप झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, त्यामुळे चर्चा बहुतांशी सखारामाच्या शिवराळ भाषेची झाली. वास्तविक पात्रनिर्मितीच्या दृष्टीने त्यातील अधिक विस्मयकारक व्यक्ती लक्ष्मी ही आहे. नवऱ्याने टाकलेल्या बायका घरी आणून आपल्या अटींवर ठेवणाऱ्या या बुकबाइंडरच्या घरी ती येते, पोथ्या वाचते, देवपूजा करते आणि एका मुंगळ्याशी लेकरासारखी बोलते. प्रेक्षकाची सारी सहानुभूती तिच्याकडे जाते. पुढे सखारामाने तिला घालवून दिल्यावर तेथे आलेली चंपा दारू पिणारी आणि तोंडाची फटकळ. परंतु निराधार होऊन परतलेल्या लक्ष्मीला आश्रय मिळतो तो या चंपेमुळेच. अशा चंपेचे सखारामाचा मित्र दाऊद याच्याशी असलेले संबंध लक्ष्मी सखारामाला सांगते, संतापाच्या भरात सखाराम चंपेचा खून करतो, आणि तो हबकून गेलेला असताना प्रेत पुरण्याचा विचार शांतपणे करते ती मुंगळ्याला खाऊ घालणारी लक्ष्मी.

हे दृश्य प्रेक्षकाला हादरविते, पण खोटे वाटत नाही, आणि ते खोटे का वाटत नाही हे विद्यार्थी लेखकांनी संहिता समोर ठेवून तपासण्याजोगे आहे. लक्ष्मीने सखारामाला मनोमन पती मानलेले आहे आणि त्याच्या नावाने मंगळसूत्रही बांधलेले आहे. तिच्या धर्मबुद्धीत पापी आणि पुण्यवान यांच्यामध्ये पक्की भिंत आहे आणि चंपा भिंतीच्या पलीकडची आहे. मुंगळा निष्पाप म्हणून दयेला पात्र, चंपा पापिणी म्हणून अपात्र. तिची दया आणि तिची क्रूरता एकाच श्रद्धेतून निघालेली आहेत, आणि नाटककाराने ती श्रद्धा पहिल्या अंकापासून डोळ्यांसमोर ठेवली होती. प्रेक्षकच तिला केवळ सोशिकपणा समजत राहिला. विसंगत पात्र रंगवायचे असेल तर त्याची विसंगतीही सुसंगत असावी, हा ॲरिस्टॉटलचा नियम याहून स्पष्टपणे दाखविता येणार नाही. फॉर्स्टर ज्याला पटवून देणारा धक्का म्हणतात तोही हाच.

आतले कारण शोधण्याचे मार्ग मात्र बाहेरचे असतात, आणि त्यांतील दोहोंकडे नवलेखकांचे विशेष दुर्लक्ष होते. पहिला मार्ग पैशाचा. कल्पित माणसे काय खातात, कोणाचे देणे लागतात, दिवसाचे किती तास राबतात याचा पत्ता महाविद्यालयीन कथांत क्वचितच लागतो. पात्रे प्रेम करतात, विरहात झुरतात, पण खोलीचे भाडे भरत नाहीत. उद्धव शेळके यांच्या 1960 सालच्या ‘धग’ कादंबरीतील कौतिक हिच्या जिद्दीवर वाचक विश्वास ठेवतो, कारण शिंपीकामात मन न रमविणारा आणि पुढे महारोगाने ग्रासलेला नवरा, पदरची पोरे आणि रोजची चूल यांचा मेळ ती कसा घालते हे कादंबरीत सतत दिसत राहते. दुसरा मार्ग बोलीचा. ‘धग’मधील वऱ्हाडी, पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’तील अंतू बर्व्याचा रत्नागिरी वळणाचा तिरकसपणा, या गोष्टी केवळ रंगत आणण्यासाठी नाहीत, अंतूचे दारिद्र्य आणि एकटेपण वाचकाला लेखकाच्या भाष्यातून कमी आणि अंतूने दुसऱ्याच कशाची तरी उडविलेल्या टवाळीतून अधिक कळते. सर्व खेडुतांच्या तोंडी एकच ठरावीक ग्रामीण भाषा घालणारी दूरचित्रवाणी मालिका या ठिकाणी हरते, आणि पंढरपूरचा, परभणीचा व पेणचा माणूस तिच्यात एकाच शाळेत शिकल्यासारखा बोलतो.

नावे, चेहरेपट्टी, पेहराव यांविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. ती बाब पात्र कळल्यावर आपोआप मार्गी लागते.

या महाविद्यालयात लिहिणारे हात आहेत, आणि वार्षिकांकाचे संपादक मंडळ पुढील वर्षीही कथा मागविणारच आहे. तेव्हा त्या मंडळाला एक विनंती अशी की, पुढील अंकासाठी कथास्पर्धा घेताना एकच अट घालावी : लेखकाला ज्याचे वागणे मुळीच पसंत नाही अशा माणसाने, मग तो सावकार असो, कॉपी पुरविणारा असो, हुंडा मागणारी सासू असो की रॅगिंग करणारा वरच्या वर्गातला विद्यार्थी असो, आपली बाजू प्रथमपुरुषात सांगावी, आणि लेखकाने त्याला मध्येच अडवू नये. त्या कथांतील दोन जरी वाचकाला अस्वस्थ करणाऱ्या निघाल्या, तरी संपादक मंडळाने त्या अंकाच्या पहिल्या पानांवर छापाव्यात.