भिंतीवरचा मूळपुरुष

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं आणि 'अमेरिकेतले माझे अनुभव' हा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. अमेरिकेतले अनुभव आता तुमच्या प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी फोनवर सांगतच असतं. मी आज माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. ती चूक इतिहासात झाली, आणि इतिहासाच्या बाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यामुळे छातीत थोडी धडधड आहे.

गेली एकतीस वर्षं मी फिलाडेल्फियाजवळ राहते. माझा जावई पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतला, मूळ जर्मन घराण्यातला. नातू पाचवीत असताना शाळेने वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. माझ्या माहेरच्या बाजूचं काम एका संध्याकाळीच झालं, कारण आमचा छापील कुलवृत्तान्त माझ्या कपाटात आहे. जावयाच्या बाजूला मात्र पाच पिढ्यांच्या वर काहीच नव्हतं. होती फक्त एक गोष्ट. ऐंशीच्या घरातल्या माझ्या विहीणबाई ती मोठ्या अभिमानाने सांगायच्या. त्यांचा मूळपुरुष म्हणे जर्मनीतल्या एका श्रीमंत गिरणीमालकाचा मुलगा होता. पदरचे पैसे घेऊन तो अमेरिकेत आला आणि आल्याबरोबर त्याने जमीन विकत घेतली.

मी म्हटलं, शोधू या. नुकतीच निवृत्त झाले होते, वेळ भरपूर होता.

जर्मन लोकांच्या बाबतीत पेनसिल्व्हेनियात एक मोठी सोय आहे. तेव्हा तिथे इंग्रजांचं राज्य होतं. एवढे परके लोक येताहेत म्हटल्यावर सरकार बिथरलं आणि १७२७ पासून नियम झाला, की जहाजातून उतरलेल्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी पुरुषाने इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेऊन सही करायची. त्या याद्या टिकल्या आणि १९३४ मध्ये तीन खंडांत छापल्या गेल्या. दुसऱ्या खंडात तर मूळ सह्यांची छायाचित्रं आहेत. ज्याला लिहिता येत नसे त्याची नुसती खूण, आणि शेजारी कारकुनाने ऐकून लिहिलेलं नाव. कारकून इंग्रज, नाव जर्मन. म्युलरचा मिलर व्हायचा, श्नायडरचा स्नायडर.

पहिल्याच आठवड्यात १७३८ सालच्या एका यादीत आमचं नाव सापडलं, तेही झोकदार सहीसकट. शिकलेला माणूस! गिरणीमालकाचा मुलगा शोभावा असा. इंटरनेटवरच्या चार-पाच वंशवृक्षांतही तोच होता. मी त्या सहीची मोठी प्रत काढली, चांगली चौकट करून घेतली आणि विहीणबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला भेट दिली. त्या रडल्या. दिवाणखान्यात, नवऱ्याच्या फोटोशेजारी त्यांनी ती लावली.

बाई, तुम्ही वर्गात विचारायचात, "पुरावा कुठाय? आणि दुसरा पुरावा कुठाय?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसरा प्रश्न मी विचारलाच नाही.

दोन वर्षांनी, दुसरंच काही शोधताना, लँकेस्टर काउंटीच्या दप्तरात मला त्या झोकदार सहीवाल्याचं मृत्युपत्र दिसलं. १७६४ सालचं. बायको वेगळी, मुलं वेगळी. आमच्या घराण्यातली पहिली मुलगी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आहे १७७७ मध्ये. म्हणजे मी ज्याला मूळपुरुष म्हणून भिंतीवर लावलं, तो आमच्या मूळपुरुषाला पहिलं मूल व्हायच्या तेरा वर्षं आधीच वारला होता! त्या लोकांत निम्म्या मुलग्यांच्या नावाआधी 'योहान' असायचं आणि गावोगाव तीच आडनावं. आपल्याकडे फोनच्या डायरीत सुरेश पाटील शोधावा, तसाच प्रकार.

मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली, म्हणजे माहीत असलेल्या माणसाकडून मागे. बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाच्या धर्म-आईबापांची नावं लिहितात, आणि ते बहुतेक नात्यातले नाहीतर शेजारचे असतात. १७७७ च्या नोंदीतलं जोडपं त्याच गावातल्या एका सधन शेतकऱ्याचा मुलगा आणि सून निघालं. त्या शेतकऱ्याचं नाव घेऊन मी फिलाडेल्फियाच्या एका वेगळ्याच वहीपाशी पोचले. शहराच्या महापौरासमोर जे चाकरीचे करार होत, त्यांची ही नोंदवही. १७७१ ते १७७३ या काळातली टिकली आहे.

हे करार काय होते, ते सांगते. गरीब माणूस ऱ्हाइन नदीतून रॉटरडॅमला यायचा. गॉटलीब मिटेलबर्गर नावाचा एक गृहस्थ १७५० मध्ये या वाटेने गेला आणि परत येऊन त्याने पुस्तक लिहिलं. तो म्हणतो, हाइलब्रॉनपासून हॉलंडपर्यंत छत्तीस जकात नाकी लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी नाकेदाराच्या मर्जीप्रमाणे थांबावं लागतं. गाठीचे पैसे तिथेच संपायचे. मग जहाजाचं भाडं उधार. जहाज फिलाडेल्फियाला लागलं, की भाडं भरलेले उतरायचे. उरलेल्यांना गिऱ्हाईक येईपर्यंत जहाजावरच थांबावं लागे. जो मालक भाडं भरेल, त्याच्याकडे मोठ्या माणसांनी तीन ते सहा वर्षं राबायचं. मुलांनी तर एकविसाव्या वर्षापर्यंत. अर्ध्याहून जास्त वाट संपल्यावर नवरा किंवा बायको वारली, तर मागे राहिलेल्याने मेलेल्याचंही भाडं फेडायचं.

त्या वहीत १७७२ च्या शरद ऋतूत आमचा माणूस आहे. मालक तोच शेतकरी. मुदत चार वर्षं. खाणंपिणं मालकाचं, आणि सुटताना दोन पोशाख, त्यातला एक नवा. शपथेच्या यादीत मग तोही सापडला. सही नाही, नुसती खूण.

आणि करारात त्याच्या नावाशेजारी तिचं नाव होतं. त्याच्या बायकोचं.

मी किती वेळ त्या ओळीकडे बघत बसले, मला सांगता येणार नाही. शपथेच्या यादीत बायका नाहीतच, कारण त्यांची शपथ कुणाला नको होती. त्याच जहाजातून ती आली, तेच खारट पाणी, तीच ताप-हगवण, पण राजाच्या दप्तरी ती आलीच नाही. घराण्याच्या गोष्टीतही ती नव्हती. तिचं नाव लिहिलं गेलं ते तिच्यावर भाड्याचं कर्ज होतं म्हणून, पौंड, शिलिंग आणि पेन्समध्ये मांडलेलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही गुलामी नव्हती. चार वर्षांनी दोघं मोकळी झाली. त्याच फिलाडेल्फियात तेव्हा आफ्रिकेतून आणलेली माणसं विकली जात होती. त्यांना मुदत नव्हती, आणि त्यांच्या नातवंडांना शोधायला अशी वहीसुद्धा नाही.

आता सगळ्यात अवघड काम राहिलं होतं. विहीणबाईंना सांगायचं. जावई म्हणाला, "राहू द्या ना आई, या वयात कशाला?" मुलगीही तेच म्हणाली. मी महिनाभर टाळलं. पण त्यांच्याकडे गेलं, की ती चौकट माझ्याकडे बघायची. शेवटी एका रविवारी कागद घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. गिरणीमालक नाही, झोकदार सही नाही, पदरचे पैसे तर नाहीतच.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "चार वर्षं पूर्ण फेडली त्यांनी?"

मी म्हटलं, "फेडली. आणि पुढे ज्याच्याकडे राबली, त्याच्याच मुलाला आपल्या मुलीचा धर्मपिता केलं."

"तिचं नाव परत वाचा," त्या म्हणाल्या. मी वाचलं. त्यांनी मला चौकट उतरवायला सांगितली. आता तिथे त्या करारातली ओळ लावली आहे. जावयाला नंतर दुसरी मुलगी झाली, तिला तेच नाव ठेवलंय. लहान मुलीचं नाव छापायचं नाही असं घरात ठरलंय, म्हणून इथे सांगत नाही.

नवऱ्याच्या मृत्युपत्रात ती शेवटची भेटते. तोवर त्यांची स्वतःची शेती झाली होती. त्याने तिला ठेवलं ते असं: तिचा पलंग, चरखा, एक गाय, स्वयंपाकघराशेजारची खोली, आणि मुलाने दरवर्षी घालायचा गहू आणि फोडून द्यायचं सरपण. त्याखालीही सही नाही, खूणच.

घरी आल्यावर मी आमचा कुलवृत्तान्त पुन्हा काढला. माझी पणजी त्यात सासरच्या नावाने आहे. तिचं माहेरचं नाव नाही. जवळच्या नात्यात आता विचारायलाही कुणी उरलं नाही.

हे सगळं आज इथे का सांगितलं? या मेळाव्यासाठी संयोजक आठ महिने आपल्याला शोधत होते. वर्गातले मुलगे बहुतेक सगळे सापडले. मुली निम्म्याही सापडल्या नाहीत. शाळेच्या रजिस्टरात आमची माहेरची नावं, आणि आता आडनाव बदललेलं, काहींचं तर पहिलं नावही. मीसुद्धा सापडले ती माझ्या भावाच्या दुकानामुळे.

म्हणून संयोजकांना एक विनंती आहे. या स्मरणिकेच्या शेवटी जी यादी छापाल, तीत प्रत्येक मैत्रिणीचं शाळेतलं नाव आणि आजचं नाव, दोन्ही छापा. आणि मैत्रिणींनो, ज्यांचा पत्ता लागलेला नाही त्यांच्यापैकी कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर आज जेवणाआधीच सांगा. जेवणानंतर कुणाला काही आठवत नाही.

बाई, या वेळी दुसरा पुरावा जोडला आहे. तपासून बघा.