स्नॉर्कलिंगला नेमकं कुठं उतरायचं? लक्षद्वीपची बोट, तीन बेटं आणि माझी आई

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आज मागून आवाज येणार आहे. हा भाग मी गावी, वडनेरला, माडीवर बसून रेकॉर्ड करतोय, आणि नागपूर–हैदराबाद हायवेवरचे ट्रक काही माझ्यासाठी थांबणार नाहीत.

वडनेर म्हणजे आमचं हिंगणघाट तालुक्यातलं. कापूस, तूर, सोयाबीन. समुद्र कुठल्याही बाजूने धरा, पाचशे किलोमीटरच्या आत नाही. आणि आजचा विषय काय, तर स्नॉर्कलिंग. (हसतो) हसा तुम्हीही.

झालं असं, की एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. घरचे सगळे मिळून बेटांच्या क्रूझवर चाललेत, सोबत आजी आणि लहान भाऊ. बोट तीन बेटांवर थांबणार, आणि पाण्यात उतरायचे पैसे आणि वेळ एकाच ठिकाणचे. 'दादा, कुठलं बेट निवडू? सगळ्यात भारी कोरल कुठं आहे?'

भावा, अगदी हाच प्रश्न मी विचारला होता. आणि उत्तर चुकलं होतं. तेच सांगतो.

कोविडच्या आधीची गोष्ट. माझे भाऊजी तेव्हा कोचीला नोकरीला होते. त्यांनी लक्षद्वीपच्या 'समुद्रम' नावाच्या सहलीचं बुकिंग केलं. कोचीहून जहाज निघतं, रात्री प्रवास, दिवसा एक बेट, संध्याकाळी परत जहाजावर. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. ताई, भाऊजी, भाची, मी आणि आई. आई यायला तयार झाली हेच आम्हाला नवल होतं.

कारण आमच्या घरात पाणी हा विषयच नव्हता. आईचं माहेर वणा नदीच्या काठचं. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, मी त्याला पाहिलेलंच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला नदीवर गेला. नदीला पूर होता. बैल घरी परत आले. आई तेव्हा नऊ वर्षांची. त्यामुळे आम्हा भावंडांना नदीवर जायची सक्त मनाई. गावातली बाकीची पोरं विहिरीत उड्या मारून पोहायला शिकली आणि मी शिकलो थेट नागपूरला, कॉलेजात असताना, तरणतलावात, तेही घरी न सांगता. म्हणजे मला पोहता येतं, पण निळ्या फरशीवरच्या पाण्यात. हे लक्षात ठेवा.

जायच्या आधी महिनाभर मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून डोकं भरून घेतलं होतं. मालवणला कुठं उतरतात, अंदमानात हॅवलॉकचा एलिफंट बीच, वंडूरहून जाता येणारं जॉली बॉय बेट, जिथं प्लास्टिकची बाटली नेऊ देत नाहीत. आपल्या विजयदुर्गाच्या समोर शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचा बुडालेला प्रवाळांचा पठार आहे हेही तेव्हाच कळलं. मुंबई–गोवा क्रूझ २०१८ साली सुरू झाली, तिचं 'आंग्रिया' नावही त्यावरून आणि कान्होजी आंग्र्यांवरून. पण त्या पठाराचा माथाच वीसेक मीटर खोल, म्हणजे स्नॉर्कल लावून वरून बघायची ती जागाच नव्हे. हे मला तेव्हा समजलं नव्हतं. मला फक्त रंग दिसत होते.

पहिलं बेट कवरत्ती. इथं थोडं पाण्याचं समजून घेऊ, कारण सगळा निर्णय यावरच आहे. लक्षद्वीपची ही बेटं म्हणजे प्रवाळांच्या कड्यांची. बहुतेक ठिकाणी जमीन पूर्वेच्या अंगाला आणि पश्चिमेला उथळ, फिकट हिरवं पाणी. त्याला म्हणतात लगून. बाहेरच्या बाजूला प्रवाळांचा कडा, धुऱ्यासारखा. शेताला धुरा असतो ना, अगदी तसा. लाटा त्या धुऱ्यावरून आत पाणी टाकत राहतात. आता आत आलेलं पाणी बाहेर कुठून जाणार? धुऱ्याला जिथं खिंड असते तिथून. होड्यांची ये-जा करायची वाटही तीच. आणि ओहोटी लागली की तिथली ओढ वाढते. शेतात बांध फुटला की पाणी कसं त्या एका तोंडाकडे धावतं, ते आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय! पण मी तिथं उभा असताना मला शेत आठवलं नाही. व्हिडिओ आठवला.

किनाऱ्यावर स्नॉर्कल देणाऱ्या पोराने स्पष्ट सांगितलं होतं, त्या बोयांच्या पलीकडे जाऊ नका. बोयांच्या अलीकडे काय होतं? वाळू, थोडं गवत, चार मासे. पलीकडे पाणी गडद निळं. मी म्हटलं, भारी कोरल तिकडेच असणार. गेलो.

दोन-तीन मिनिटं मस्त गेली. मग मास्कमध्ये पाणी यायला लागलं, कारण मला मिशी आहे आणि मास्कची रबरी कड मिशीवर बसत नाही. डोकं वर काढून मास्क ओतला, परत लावला, आणि किनारा बघितला तर तो बाजूला सरकलेला. मी हललो नव्हतो, मला वाटत होतं. किनाऱ्याकडे पोहायला लागलो. दहा हात मारले, वीस मारले, बोया तिथंच. छातीत धडधड सुरू झाली की नळीतून श्वास पुरत नाही, हे कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. तोंडातून नळी निघाली आणि खारं पाणी गेलं.

वाचलो लाईफ जॅकेटमुळे, ज्याचा पट्टा मी 'खाली नीट बघता येत नाही' म्हणून सैल केला होता. उताणा पडून राहिलो. कयाकवाला एक जण आला, मागच्या दोरीला धरायला लावलं आणि ओढाच्या आडवं, तिरपं नेत किनाऱ्याला आणलं. एक शब्द बोलला नाही. दहा मिनिटांचा सगळा कारभार.

आई किनाऱ्यावर उभी होती. नारळाच्या झाडाखाली. तिने सगळं पाहिलं होतं.

ती त्या दिवशी काहीच बोलली नाही. रात्री जहाजावर जेवली, झोपली. मला वाटलं आता उद्या पाण्याला हात लावू देणार नाही. ताईलाही तेच वाटलं. सकाळी कल्पेनीला उतरायच्या वेळी, जहाजातून छोट्या होडीत पाय टाकायचा असतो, होडी वर-खाली होत असते, खलाशी हात धरतात आणि लाटेचा नेम साधून 'आता' म्हणतात. आई बैलगाडीतून उतरावं तशी उतरली. आणि होडीत बसल्यावर म्हणाली, "आज मी बी येते पाण्यापाशी. तू कोठी उतरून राह्यला ते मले पाहू दे."

कल्पेनीच्या किनाऱ्यावर पोहोचल्यावर बाकीचे सगळे लगेच मास्कच्या रांगेत. आईने मला थांबवलं. "पाणी कोणीकडं जाऊन राह्यलं ते तं पाह्य आधी." खाली नारळाची साल पडली होती. तिने एक तुकडा उचलला आणि पाण्यात फेकला. आम्ही दोघं उभे. साल हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. आई तिच्यासोबत किनाऱ्याने चालत गेली, मी मागे. एका जागी साल जोरात पुढे गेली. आई म्हणाली, "इथं नोको." परत मागे आलो, दुसरा तुकडा. तिसरा. अशी वीस-पंचवीस मिनिटं गेली. ताई वैतागली, भाची रडकुंडीला. शेवटी एका ठिकाणी साल जवळपास जागच्या जागी डोलत राहिली. पाणी कमरेएवढं. समोर आठ-दहा तपकिरी डाग, मध्ये पांढरी वाळू. "इथं."

मी विचारलं हे तुला कुणी शिकवलं. म्हणे, नाल्याला पाणी असलं की तिची आजी असंच काडी टाकून बघायची, मग पोरांना घेऊन ओलांडायची. तिच्या भावाने त्या दिवशी बघितलं नसेल, किंवा बैलांच्या मागे जाताना वेळच मिळाला नसेल. हे तिने इतक्या सरळ आवाजात सांगितलं, की मी काही बोललोच नाही.

आता खरं सांगतो, ती जागा काही व्हिडिओत टाकण्यासारखी नव्हती. लक्षद्वीपच्या प्रवाळांना १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्यामुळे मोठा फटका बसला. प्रवाळाच्या आत सूक्ष्म शेवाळ राहतं, त्यावरच प्रवाळाचं पोट आणि रंग. पाणी फार तापलं की ते शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरा पडतो आणि बरेचदा मरतो. त्यामुळे आम्ही पाहिलेले निम्मे डाग म्हणजे मेलेला, राखाडी प्रवाळ. पण त्याच्या आजूबाजूला मासे होते. पट्ट्यापट्ट्यांचे, पिवळे, आणि एक हिरवा-निळा पोपटमासा, जो दगड कुरतडत होता. पाण्यात डोकं घातल्यावर त्याचा कुरकुर आवाज खरोखर ऐकू येतो.

आधी भाची. मग ताई. आणि मग आईने मास्क मागितला. साडी खोचली, वरून लाईफ जॅकेट, पट्टा तिने स्वतः दोनदा ओढून बघितला. पाय वाळूवर, माझा हात घट्ट धरलेला, आणि फक्त तोंड पाण्यात. पहिल्यांदा तीन सेकंद. दुसऱ्यांदा दहा. तिसऱ्यांदा इतका वेळ, की मीच घाबरून हात ओढला. वर आली आणि रागावली, "काहून ओढतं? खाली वाळूक हाये, चालून राह्यलं!"

ती समुद्री काकडी होती. (हसतो) पण नाव आईचंच बरं आहे. तिला हात लावायचा नाही बरं का, आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून खिशात तर अजिबात घालायचा नाही. वन्यजीव कायद्याखाली दोन्हींना संरक्षण आहे, किनाऱ्यावर पडलेला तुकडा असला तरी भानगड नको.

मिनिकॉयला आम्ही पाण्यात उतरलोच नाही. तिथलं १८८५ चं दीपगृह पाहिलं, लगूनच्या काठाने चाललो. मला वाईट वाटलं नाही. आई प्रत्येक वळणावर साल टाकत होती, आता ते वेडच लागलं होतं.

तर भावा, तुझ्या प्रश्नाकडे. बेटाचं नाव मी सांगणार नाही. तुमच्यात सगळ्यात कच्चा कोण, आजी ना? मग तिच्या कमरेएवढं पाणी जिथं शांत आहे, ते बेट. वारा ज्या बाजूने येतो त्याच्या आडची बाजू बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती-ओहोटीची ओढ जास्त, तारीख कॅलेंडरवर बघून ठेव. होड्यांच्या वाटेपासून लांब. पाण्याचा रंग वाच: फिकट म्हणजे वाळू, तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ किंवा गवत, गडद निळं म्हणजे खोल, आणि तिथं आजीचं काही काम नाही. तुझंही नाही. मालवण-तारकर्लीला गेलात तरी हेच, फक्त तिथं खाडीच्या तोंडाशी पाणी गढूळ असतं, त्यामुळे तिथून लांबची जागा विचारून घ्या.

मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर दाबायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तुझा, पडला तर दुसरा माग. मिशी असेल तर वरची कड भादरून टाक, मी आता तेच करतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची, किळस वाटली तरी. आणि पहिली पाच मिनिटं गुडघाभर पाण्यात उभं राहून नुसतं तोंडाने श्वास घ्यायचा सराव करा, आजीला आधी करू दे. उन्हाचं क्रीम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला, प्रवाळालाही बरं आणि पाठही भाजत नाही. माझी भाजली होती, आठवडाभर शर्ट घालता आला नाही.

आणखी एक. आजीला चष्मा असेल तर नंबर आधीच कळव, काही ठिकाणी नंबरच्या काचेचे मास्क मिळतात. नाही मिळाला तरी हरकत नाही, पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात. माझ्या आईला विना चष्म्याचं वाळूक दिसलंच की.

पहिल्या बेटावर उतरलात की नारळाची एक साल उचल. कुठं वाहत गेली ते मला व्हॉइस मेसेजवर कळव. आई विचारत असते.