शेजारचे बुंदेलखंड
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



सरकारी नोकरीत बदली हा नियम आणि स्थैर्य हा अपवाद. रजा मंजूर झाली की आपण पुण्या-मुंबईची गाडी धरतो. ज्या भूमीने आपल्याला आश्रय दिला ती मात्र गाडीच्या खिडकीतून दिसेल तेवढीच आपल्या परिचयाची राहते. म्हणून आज बुंदेलखंडाविषयी चार शब्द बोलावेत असे योजिले आहे.

या भूमीशी आपला ऋणानुबंध जुना आहे. १७२९ साली महंमदखान बंगषाच्या कोंडीत सापडलेल्या वृद्ध छत्रसालाच्या साहाय्यास पहिले बाजीराव धावून गेले. कृतज्ञ छत्रसालाने त्यांना पुत्रवत मानले व राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा दिला. पुढे रत्नागिरीकडचे गोविंदपंत खेर या मुलखाचा कारभार पाहू लागले आणि इतिहास त्यांना ‘बुंदेले’ याच नावाने ओळखू लागला. कर्मभूमीचे नाव आडनावाच्या जागी यावे, याहून मोठी आपुलकी ती कोणती?

झाशीहून जवळच, बेतवेच्या तीरी, १५३१ साली वसलेले ओरछा आहे. तेथे श्रीराम देव म्हणून नव्हे, तर राजा म्हणून नांदतात. राणी गणेशकुंवरीने अयोध्येहून मूर्ती आणली, पण एकदा महालात ठेवलेली मूर्ती तेथून हलेना, अशी कथा आहे. भव्य चतुर्भुज मंदिर उभे असूनही रामराजा महालातच राहिले. आजही सशस्त्र पोलीस त्यांना मानवंदना देतात आणि भक्तास विडा व अत्तराचा प्रसाद मिळतो. नदीकाठच्या राजांच्या छत्र्यांवर गिधाडे घरटी करतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधामुळे देशभर गिधाडे नष्टप्राय झाली. २००६ साली त्या वापरावर बंदी आली. रामाच्या नगरीत जटायूचे वंशज तग धरून आहेत, हे दृश्य घाईच्या प्रवाशास दिसत नाही.

पन्ना ही छत्रसालाची राजधानी. तेथे त्याचे गुरू स्वामी प्राणनाथ यांचे मंदिर आहे आणि शेजारी केन नदीचे अरण्य. २००९ साली या अरण्यात एकही वाघ उरला नाही. बांधवगड व कान्हा येथून वाघिणी आणल्या, पेंचहून एक नर आणला. तो काही दिवसांतच निघाला, तो थेट दक्षिणेस, आपल्या मूळ रानाच्या दिशेने! वनाधिकारी हत्तींसह महिनाभर त्याच्या मागावर होते. डिसेंबरअखेर त्याला परत आणले. एप्रिल २०१० मध्ये पन्न्यात बछडे जन्मले आणि रान पुन्हा नांदू लागले.

त्या वाघाची ओढ आपणा सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच्या बछड्यांना पेंच ठाऊक नाही; त्यांचे घर पन्नाच. आपल्या मुलांचेही तसेच आहे. ती येथे जन्मली, येथील बोली बोलतात. तरी आपण त्यांना केवळ दूरच्या गावाच्याच गोष्टी सांगतो. गावाची ओढ जरूर द्यावी, पण पायाखालच्या मातीची ओळख नाकारू नये.

म्हणून माझी विनंती आहे : मंडळाने दर हिवाळ्यात मुलांची एक सहल काढावी. एका दिवसात पाच स्थळे उरकू नयेत. एकाच गावी तीन दिवस राहावे, आरतीला उभे राहावे, रानात मौन पाळावे, येथील वृद्धांकडून कथा ऐकाव्यात. हीरकमहोत्सवाच्या स्मरणिकेत त्या मुलांनीच बुंदेलखंडावर मराठीत लेख लिहावेत, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.