मुक्त संगीत आणि संगीतकाराची उपजीविका

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



ज्ञान आणि कला ही समाजाची सामायिक संपत्ती आहे, ही भूमिका आपण समाजवादी मंडळी प्रथमपासून मांडत आलो आहोत. कलावंत हा श्रमिक आहे आणि त्याच्या श्रमाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे, हेही आपणच सांगतो. मुक्त परवान्याच्या संगीताने या दोन भूमिका समोरासमोर आणून उभ्या केल्या आहेत. गाणे सर्वांना मोकळे केले, तर गाणाऱ्याने खायचे काय?

प्रथम मुक्त परवाना म्हणजे काय ते पाहू. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' ही संस्था अमेरिकेत २००१ साली स्थापन झाली आणि २००२ च्या डिसेंबरात तिने आपले पहिले परवाने प्रसिद्ध केले. त्यांत संगीतकार स्वामित्वहक्क सोडून देत नाही. उलट त्याच हक्काच्या आधारे तो लोकांना आगाऊ परवानगी देतो, की माझ्या ध्वनिमुद्रणाच्या प्रती काढा, वाटा, माझे नाव मात्र द्या. काही परवाने व्यापारी वापरालाही मोकळीक देतात, काही तो वर्ज्य करतात. एकदा दिलेला परवाना मात्र मागे घेता येत नाही.

यामागील आर्थिक तर्क सरळ आहे. ध्वनिमुद्रण एकदा सिद्ध झाले की पुढच्या प्रत्येक प्रतीचा सीमान्त खर्च आज जवळजवळ शून्य असतो. अशा वस्तूभोवती किंमतीचे कुंपण घालणे म्हणजे कृत्रिम टंचाई निर्माण करणे होय. परंतु या व्यवहाराची दुसरी बाजू विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ सालीच दाखवून दिली होती. कारखान्यात यंत्रामुळे उत्पादकता वाढते. पण चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवायला पूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. प्रत स्वस्त झाली, श्रम स्वस्त झाले नाहीत. रियाजाची वर्षे, वाद्यांची देखभाल, साथीदारांची बिदागी हा सारा खर्च पहिली प्रत निघण्याआधीच होऊन गेलेला असतो. तो कोणी भरून द्यायचा?

मुक्त परवान्याचे पुरस्कर्ते याला उत्तर म्हणून 'नाइन इंच नेल्स' या अमेरिकी वाद्यवृंदाचे उदाहरण देतात. २००८ च्या मार्चमध्ये या मंडळींनी 'घोस्ट्स' हा ३६ रचनांचा संग्रह व्यापारी वापर वर्ज्य करणाऱ्या मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला. पहिल्या ९ रचना फुकट, सगळ्या ५ डॉलरला, आणि २५०० विशेष संच प्रत्येकी ३०० डॉलरला. हे संच दोन-तीन दिवसांत संपले. केवळ त्यांचीच विक्री साडेसात लाख डॉलरची झाली. फुकट वाटपाने विक्री बुडतेच असे नाही, एवढे यावरून निश्चित सिद्ध होते. पण त्या वाद्यवृंदापाशी वीस वर्षांची कीर्ती होती आणि ती ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या भांडवलावर जगभर पोहोचलेली होती. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही, अशा वादकाचा ३०० डॉलरचा संच कोण घेणार? अपवादाला नियम मानणे हे अर्थशास्त्र नव्हे.

दुसरा मार्ग 'जमेंडो'चा. २००५ साली लक्झेंबर्गमध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात श्रोत्याला संगीत फुकट मिळते. दुकानदार, चित्रपटनिर्माते, जाहिरातदार यांना मात्र स्वतंत्र परवाना विकत घ्यावा लागतो आणि त्या पैशांतील वाटा संगीतकाराला मिळतो. जनतेला मोकळे आणि नफ्यासाठी वापरणाऱ्याला सशुल्क, हे तत्त्व आपल्याला मान्य होण्यासारखे आहे. याउलट, व्यापारी वापरही मोकळा केला की मोठ्या कंपनीलाही जाहिरातीसाठी कच्चा माल फुकट मिळतो. श्रोत्याचे स्वातंत्र्य आणि भांडवलाचे स्वातंत्र्य यांत फरक करावाच लागेल.

मग जुना स्वामित्वहक्कच बरा, असे कोणी म्हणेल. त्यांनी आपल्या देशाचा अनुभव पाहावा. १९५७ च्या कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली असा निर्णय दिला, की मोबदला घेऊन चित्रपटासाठी केलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता असतो. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या वेळी, गायकाला कायद्यात स्थानच नाही, याकडे संसदेचे लक्ष वेधले होते. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा करारानेही काढून घेता येणार नाही, ही तरतूद यायला २०१२ साल उजाडावे लागले. विषम बळाच्या दोन पक्षांमधील करार मुक्त नसतो, हे सत्य त्या दुरुस्तीने कायद्यात आणले.

तेव्हा उपजीविकेचा प्रश्न परवान्याच्या कागदावर सुटणारा नाही. आपल्याकडे अभंगाच्या पारंपरिक चालीचा सातबारा कोणाच्याच नावावर नव्हता. चाली मुक्त होत्या, तरी कितीतरी लोककलावंतांचे म्हातारपण हलाखीत गेले. कारण त्यांच्या श्रमाला समाजाने संरक्षण दिले नाही. फ्रान्सने ते दिले. तेथे १२ महिन्यांत ५०७ तासांचे काम भरलेल्या कलावंताला दोन कामांमधील रिकाम्या काळात बेकारीभत्ता मिळतो. या व्यवस्थेची मुळे १९३६ पर्यंत जातात. २००३ साली तिच्यावर घाला येताच कलावंतांनी संप केला आणि आव्हिन्योंचा प्रसिद्ध नाट्यमहोत्सव रद्द करावा लागला. आयर्लंडने २०२२ साली सुमारे २००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो मूलभूत उत्पन्न देण्याचा प्रयोग सुरू केला. दोन्ही ठिकाणी पैसा प्रतीला नव्हे, माणसाला मिळतो.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सरकारी पैशातून होणाऱ्या ध्वनिमुद्रणाची पूर्ण बिदागी कलावंताला आधी द्यावी आणि मग ते जनतेला मुक्त करावे. मुक्त संगीतावर नफा कमावणाऱ्यांकडून कर घेऊन कलावंतांचा निधी उभारावा. वाजंत्र्यापासून ध्वनिमुद्रकापर्यंत सर्वांना श्रमिक म्हणून सामाजिक सुरक्षा मिळावी.

आणि एक गोष्ट सरकारची वाट न पाहता करता येईल. आपल्या सभेसाठी मंडप, ध्वनिक्षेपक, सतरंज्या यांचे पैसे आपण चुकते करतो. ढोलकीवाल्याला मात्र चळवळीच्या नावाने हार आणि नारळ देतो. चळवळीची गाणी जरूर मुक्त असू द्या. ती गाणाऱ्याची बिदागी मात्र सभेच्या खर्चात पहिल्या ओळीवर लिहा.